गुगल व्हॉइसवर फोन घ्यायची सोय, माझा अनुभव

मी न्यू जर्सीत होतो तेव्हा गुगल व्हॉइसचा, म्हणजे इंटरनेटवरनं फोन घ्यायच्या गुगलच्या सेवेचा, अमेरिकेतला नंबर घेतलेला, कोल्हापूरला परत आलो तरी तो चालू ठेवलाय आणि लई उपयोगाला येतोय. मावशी अजून तिकडेच आहे, तिला व्हॉट्सॲप जमत नाही, ती घरातल्या लँडलाइनवरनं माझा तो तिथलाच नंबर लावते आणि इकडं राजारामपुरीत माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये गुगल व्हॉइस वाजतं. येणाऱ्या कॉलला एक पैसा लागत नाही. तिकडं सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ७.३०, रिंग झाली की आई पिठाचे हात तसेच घेऊन पळत येते, मी हेडफोन काढून स्पीकर लावतो. आवाज अगदी शेजारच्या खोलीतनं बोलल्यासारखा!

फोन उचलला नाही तर मावशीचा निरोप मेलमध्ये लिहून येतो, पण तिचं मराठी त्याला कळत नाही, काहीबाही लिहितंय, निरोप ऐकायचाच.

ब्राउझरला माइकची परवानगी द्या आणि गुगल व्हॉइसचा टॅब उघडा ठेवा, नाहीतर लॅपटॉपवर वाजणारच नाही. कॉल मधेच तुटतोय म्हणून मी आधी याच्यावरच चिडलेलो, पण दोष आमच्या इथल्या ब्रॉडबँडवाल्याचा निघाला, वायर बदलल्यावर नीट झालं.

इथं बसून नवीन नंबर मात्र मिळत नाही, अमेरिकेतला फोन नंबर लागतो. तिकडं कोण शिकायला, नोकरीला असेल तर परत यायच्या आधी घेऊनच या, आणि अधनंमधनं वापरत राहा, बरेच दिवस पडून राहिला तर नंबर काढून घेतात.