कॅरॅव्हॅन हवा धरत नाही? धुळ्याजवळचं एअर ब्रेक गॅरेज

बस चेसिसवर बांधलेल्या कॅरॅव्हॅनच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) एअर ब्रेकमधल्या हवेचं प्रेशर टिकत नसेल, तर मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गॅरेज बिनधास्त गाठा. इथे पार्ट बदलण्याआधी दोष शोधतात, आणि हीच खरी कारागिरी.

चाकांना लाकडी ठोकळे लावून हवा साधारण 8 बारपर्यंत भरतात, इंजिन बंद करतात, पार्किंग ब्रेक सोडतात आणि प्रेशर गेजचा काटा बघतात. ब्रेक पॅडल न दाबता काटा उतरला तर हवेची टाकी, पाइप, जॉइंट तपासायचे. पॅडल दाबल्यावरच उतरला तर ब्रेक चेंबरचा डायफ्राम (रबरी पडदा) किंवा पॅडलखालचा व्हॉल्व्ह. मग ब्रशने साबणाचं पाणी. जॉइंटवर बारीक फेस फुगला की गळती सापडली. काटा स्थिर, पण हवा भरायलाच उशीर होत असेल तर कंप्रेसरचा फिल्टर तुंबलेला किंवा डिलिव्हरी पाइपात कार्बन.

कॅरॅव्हॅन महिनोन्महिने उभी असते, त्यात खानदेशचं ऊन. रबरी सील कडक होतातच. टाकीच्या ड्रेन कॉकमधून पांढरट, तेलकट पाणी आलं तर हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज बदलून घ्या आणि कंप्रेसर तेल फेकतोय का तेही बघायला सांगा.

उणीव एकच: एअर सस्पेन्शनचे बेलो (हवेचे रबरी फुगे) इथे तयार मिळत नाहीत, मागवावे लागतात.