'बाल्कनी अपग्रेड कन्फर्म': सिंगापूर क्रूझच्या नावाखाली लागलेला ७३,२०० रुपयांचा चुना

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझ आता ठाणे-डोंबिवलीत गल्लोगल्ली विकल्या जातात. दोन दिवस सिंगापूर दर्शन, मग मरिना बे क्रूझ सेंटरवरून जहाज, पेनांग नाहीतर फुकेत करून परत. मूळ भाड्यात फारशी लबाडी करता येत नाही, कारण ते कुणालाही मोबाईलवर दिसतं. हात मारला जातो तो वरच्या खर्चात: खोली, जेवण आणि टिप्स. या तिन्हींसाठी आमच्या एजंटाने ७३,२०० रुपये घेतले आणि त्यातला एक रुपयाही जहाजापर्यंत पोचला नाही. जहाजवाल्यांशी माझं काही भांडण नाही. एजंटाचं प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून त्याचंही नाव लिहीत नाही. त्याने हे जमवलं कसं, ते मात्र सगळं लिहिते.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, आमच्या कुसुममावशी. दोन खोल्या. पॅकेजमध्ये होती ती 'इंटिरियर गॅरंटी' खोली. इंटिरियर म्हणजे बिनखिडकीची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. 'गॅरंटी' या शब्दाने मात्र लोक उगाच निर्धास्त होतात. त्यात हमी फक्त एवढीच, की त्या दर्जाची किंवा त्याहून वरची कुठली तरी खोली मिळेल. कुठल्या मजल्यावर, पुढे की मागे, हे कंपनी नंतर ठरवते आणि म्हणून ती स्वस्त असते. यात वाईट काही नाही. रात्री फक्त झोपायलाच खोलीत जाणाऱ्यांना ती पुरते.

पैसे भरून झाल्यावर पंधरा दिवसांनी एजंटाचा मेसेज आला. 'मॅडम, खास तुमच्यासाठी बाल्कनी अपग्रेड, १८,००० पर रूम, आज रात्रीपर्यंतच.' सासूबाईंना समुद्र बघत चहा प्यायचा होता, आम्ही दोन्ही खोल्यांचे ३६,००० दिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'अपग्रेड कन्फर्म', पुढे हिरवी बरोबरची खूण.

हे अपग्रेड प्रत्यक्षात कसं चालतं ते आधी सांगते. बऱ्याच क्रूझ कंपन्या निघण्याच्या काही आठवडे आधी प्रवाशाला ईमेल पाठवतात, की वरच्या दर्जाच्या खोलीसाठी बोली लावा. आपण आकडा टाकायचा. तो बहुधा माणशी असतो, खोलीमागे नव्हे, आणि खोलीतल्या पहिल्या दोघांना लागतो. खोल्या उरल्या आणि आपला आकडा पसंत पडला तर कार्डावरून पैसे कापले जातात. निकाल कधीकधी निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत लागत नाही. बोली हुकली तर पैसे कापलेच जात नाहीत. म्हणजे बोलीच्या वाटेने 'आज पैसे द्या, उद्या कन्फर्म' असं होऊच शकत नाही. दुसरी वाट सरळ आहे: फरक भरून बुकिंगच बदलून घ्यायचं. मग खोलीच्या नवीन दर्जासह नवीन कन्फर्मेशन येतं. आमच्याकडे दोन्हींपैकी काही नव्हतं. होता तो एजंटाच्या लेटरहेडवरचा रंगीत व्हाउचर, वर जहाजाचा फोटो आणि खाली 'बाल्कनी स्टेटरूम' असं ठळक अक्षरांत.

मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करते, म्हणून निघण्याआधी त्याच्याकडे कंपनीचं मूळ कन्फर्मेशन मागितलं होतं. तो म्हणाला, 'ते आमच्या बी टू बी पोर्टलवर, म्हणजे एजंटांच्या साइटवर असतं, पॅसेंजरला देत नाहीत.' हे धादांत खोटं आहे. प्रत्येक बुकिंगला नंबर असतो आणि तो नंबर, आडनाव, जहाजाचं नाव, निघायची तारीख असं टाकून प्रवासी स्वतः कंपनीच्या साइटवर किंवा ॲपमध्ये सगळं बघू शकतो. तो नंबर त्याने आम्हाला दिला निघायच्या आदल्या रात्री, वेब चेक-इन 'मीच करून देतो' म्हणत म्हणत. बुकिंगमध्ये ईमेल आणि मोबाईल दोन्ही त्याचेच टाकलेले होते. कंपनीने आम्हाला लिहिलेलं प्रत्येक पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये जात होतं. सगळी मेख इथे होती. बाकीचं त्याला आपोआप जमलं.

आता जेवण. त्याने माणशी ४,५०० रुपयांचं 'प्रीमियम डायनिंग पॅकेज' विकलं. त्यात काय? मुख्य डायनिंग हॉलमध्ये रात्रीचं जेवण, ज्येष्ठांसाठी लवकरची वेळ, भारतीय शाकाहारी पदार्थ आणि बुफेला 'अमर्याद प्रवेश'. कुसुममावशी कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून 'जैन मील रिक्वेस्ट'ही त्यातच.

यातली एकही गोष्ट विकत घ्यायची नसते. मुख्य डायनिंग हॉल आणि बुफे भाड्यात धरलेलेच असतात. जेवणाची वेळ, ठरावीक की सोयीची, बुकिंग करताना फुकट निवडता येते. जैन जेवणाची विनंतीही फुकट, फक्त ती बरीच आधी नोंदवावी लागते. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्याकडून ताटाचे पैसे घ्यावेत, तसला हा प्रकार. पैसे लागतात ते स्पेशालिटी रेस्टॉरंटना: स्टेकहाउस, सुशी, तेप्पान्याकी. तिथे माणशी ठरावीक रक्कम नाहीतर पदार्थागणिक दर असतो आणि कित्येक जहाजांवर वर १८ टक्के सेवाशुल्क लागतं. मांसाहारी, खाण्याचे शौकीन असाल तर एखादी संध्याकाळ जरूर जा, आधी ऑनलाइन घेतलं तर बरेचदा स्वस्त पडतं. पण तीन रात्रींच्या सफरीत शाकाहारी माणसाने स्टेकहाउसची खुर्ची अडवण्यात काय हशील आहे?

पहिल्या रात्री आम्ही चौघं नटूनथटून डायनिंग हॉलच्या दारात. कुसुममावशींनी पर्समधून कूपनं काढली. कडक प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली, कोपऱ्यात सोनेरी नांगर, खाली अनुक्रमांकही. दारावरच्या मुलाने एक कूपन उलटसुलट करून पाहिलं, हसला, आणि हेडवेटरला बोलावलं. त्या गृहस्थाने ते दिव्याखाली धरलं, मग आमचं खोलीचं कार्ड मागितलं, ते लावलं आणि म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला याची गरज नाही, इथे सगळ्यांनाच जेवण आहे.' कूपन त्याने दोन्ही हातांनी अदबीने परत दिलं. सासूबाई मला म्हणाल्या, 'अगं, मग हे पैसे त्याने कशाचे घेतले?' जैन जेवणाची नोंद बुकिंगवर नव्हतीच. त्या हेडवेटरने तरी स्वतः आत जाऊन मावशींसाठी बिनकांद्याची डाळ आणि भात आणवला आणि पुढच्या रात्रींचंही लिहून घेतलं. त्याचं नाव मी कंपनीला कळवलंय.

खोलीचं दुपारीच कळलं होतं. बोर्डिंग पासवर खालच्या मजल्याचा नंबर, खिडकीचा पत्ता नाही. एजंटाला फोन लावला तर म्हणे, 'जहाजावर गेलात की गेस्ट सर्व्हिसवाले कार्ड बदलून देतील.' जेवण झाल्यावर मी तिथे रांगेत उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला: इंटिरियर गॅरंटी, दोन्ही खोल्या. अपग्रेड नाही, बोली नाही, जेवणाचं पॅकेज नाही, आगाऊ टिप्स नाहीत. मी तिला विनंती केली, की हे कागदावर छापून द्या आणि खाली तारीख घाला. तिने दिलं. पुढे सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच पान. जहाज सोडल्यावर असला कागद मिळवायला ईमेलच्या फेऱ्या होतात, म्हणून जे काही घ्यायचं ते जहाजावर असतानाच घ्या.

आगाऊ टिप्सचा घोळही तेव्हाच बाहेर आला. अनेक जहाजांवर टिप्स माणशी, रोजच्या हिशेबाने आपल्या ऑनबोर्ड, म्हणजे जहाजावरच्या खर्चाच्या, खात्यावर चढतात. आकडा जहाजाप्रमाणे आणि खोलीप्रमाणे बदलतो, आमच्या जहाजावर तो १८ डॉलरच्या आसपास होता. टिप्स निघण्याआधीही भरता येतात, आणि भरल्या असतील तर खात्यावर पुन्हा चढत नाहीत. एजंटाने माणशी ४,८०० प्रमाणे १९,२०० घेतले होते. आमच्या खात्यावर पहिल्याच रात्री टिप्सची ओळ आली. बरीच कुटुंबं ते बिल शेवटच्या सकाळी, बॅगा दाराबाहेर ठेवून, घाईत बघतात आणि 'असेल काहीतरी टॅक्स' म्हणून कार्ड देऊन मोकळी होतात. एजंटाची भिस्त त्याच घाईवर असते. टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खातं रोज दिसतं, पहिल्याच रात्री बघा.

घरी आल्यावर त्याने आधी 'जहाजवाल्यांनी ओव्हरबुकिंग केलं' म्हणून हात वर केले. मग पुढच्या टूरसाठी क्रेडिट नोट देऊ केली. छापील पान पाठवल्यावर मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. दरम्यान मी पैशांचा माग काढला. मूळ पॅकेजचे पैसे फर्मच्या खात्यात गेले होते, त्याचं जीएसटी बिल होतं. वरचे ७३,२०० मात्र एका बाईंच्या वैयक्तिक यूपीआयवर घेतलेले, 'जीएसटी वाचेल तुमचा' या गोड कारणाने. परदेशी टूर पॅकेजवर एजंटाला टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, आपल्याकडून वसूल करून आपल्या पॅनवर भरावा लागतो आणि तो २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या साइटवरच्या आपल्या करविवरणात दिसतो. आमच्या २६एएसमध्ये फक्त मूळ पॅकेजची रक्कम होती. वरचे पैसे त्याने सहलीचे म्हणून कुठेच दाखवले नव्हते. हा पुरावा घरबसल्या, फुकट मिळतो आणि एजंटाच्या हे ध्यानीमनीही नसतं.

मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि स्पीड पोस्टाने नोटीस. नोटिशीत मी लंबीचौडी कहाणी लिहिली नाही. तीन रकाने केले: काय विकलं, किती घेतले, जहाजाच्या नोंदीत काय आहे. तिसरा रकाना तिन्ही ओळींत 'काही नाही'. सोबत व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या पावत्या, एका कूपनचा फोटो. फौजदारी कारवाईचा हक्क राखून ठेवत असल्याचं एक वाक्य घातलं. चारशेवीस म्हणायची सवय आहे, पण आता फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे, तेच लिहा. दहा-बारा दिवसांत जेवणाचे आणि टिप्सचे पैसे खात्यावर परत आले, ना फोन ना माफी.

अपग्रेडचे ३६,००० तो सोडायला तयार नाही. म्हणून ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आपण मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. अर्ज ऑनलाइन होतो. वकील करायलाच हवा असं नाही, मी केलेला नाही.

त्याने मात्र केलाय. वकिलाचं म्हणणं, अपग्रेड 'उपलब्धतेनुसार' असल्याचं तोंडी सांगितलं होतं. मी 'कन्फर्म'चा तो स्क्रीनशॉट हिरव्या खुणेसकट जोडलाय आणि एकच प्रश्न लेखी विचारलाय: बोली लावली असेल तर ती लावल्याचा कंपनीचा ईमेल दाखवा, इनबॉक्स तर तुमच्याच अशिलाचा आहे. उत्तरासाठी त्यांनी मुदत मागून घेतलीय.