फीड चालू होतं, डेटा शिळा होता

पिकाच्या सल्ल्यासाठी कुणाकडून ‘लाइव्ह’ हवामान डेटा विकत घेणार असाल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा. आमचे १ लाख ८० हजार रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे आमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका माणसाच्या बागेतला माल गेला.

आम्ही तिघे सांगलीत एक छोटी सेवा चालवतो. तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांना मोबाइलवर रोगाचा इशारा पाठवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं, यावर डाऊनी (केवडा) हा रोग येणार की नाही हे बरंचसं ठरतं. आमची स्वतःची हवामान केंद्रं चारच, म्हणून बाकी गावांसाठी बाहेरून डेटा घ्यायचं ठरवलं. एका पुरवठादाराने १२ केंद्रांचं फीड (सतत येत राहणारा डेटा) देऊ केलं. एमक्यूटीटीवर (सेन्सरचे छोटे मेसेज पाठवायची पद्धत) दर मिनिटाला रीडिंग येणार, आम्ही ते कनेक्टरने काफ्का या मेसेज साठवणाऱ्या प्रणालीच्या टॉपिकमध्ये, म्हणजे तिच्यातल्या एका यादीत घ्यायचं, पुढे आमचा प्रोग्रॅम पानाच्या ओलाव्याचे तास मोजून इशारा पाठवणार. वर्षाचे ३ लाख ६० हजार, निम्मे आधी.

जोडणी एका दुपारीत झाली. एकही मेसेज चुकत नव्हता, कन्झ्युमर लॅग (वाचायचे राहिलेले मेसेज) शून्य. आम्ही पैसे पाठवले.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी सहाला मणेराजुरीहून फोन आला. “अहो दादा, रात्री दीड तास झोडपलंय की पावसानं! पानांवरनं अजून थेंब गळाय लागल्यात, आणि तुमचा मेसेज म्हणतोय पान कोरडं.” ते स्वतः बागेत होते, त्यांनी लगेच फवारणीचा ब्लोअर बाहेर काढला. सावळजचे एक काका मात्र सांगलीत राहतात. आमचा मेसेज वाचून त्यांनी गड्याला फवारणी थांबवायला सांगितली होती. बाग ऐन फुलोऱ्यात होती. आठवड्यात घडांवर डाऊनी दिसला आणि एका एकरातला निम्म्याहून जास्त माल गेला.

आधी आम्ही स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. दोन रात्री त्यातच गेल्या. मग सहज मणेराजुरी केंद्राचे जुने आकडे समोर ठेवले, तर १४ दिवसांपूर्वीच्या त्याच मिनिटाचं तापमान दोन दशांशांपर्यंत तेच निघालं. आर्द्रताही तीच. मागे जाऊन पाहिलं, दर १४ दिवसांनी तेच. पुरवठादार एक जुनी फाइल पुन्हा पुन्हा फिरवत होते आणि प्रत्येक ओळीवर ताजी वेळ चिकटवत होते. सातव्या केंद्राचं तापमान तर सतत तिसऱ्यापेक्षा बरोबर ०.४ अंशाने जास्त होतं. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मणेराजुरी मंडळात त्या रात्रीचा पाऊस नोंदलेला होता. आमच्या टॉपिकमध्ये शून्य मिलिमीटर.

इथे बरेच जण गाफील राहतात. काफ्कात मेसेजवरची वेळ मुळात पाठवणारा लावतो, तिला क्रिएटटाइम म्हणतात. सेटिंग बदलून लॉगअ‍ॅपेंडटाइम लावलं, तरी मेसेज ब्रोकरवर (काफ्काच्या सर्व्हरवर) कधी पोचला एवढंच कळतं. रीडिंग खरंच कधी घेतलं, ते कुठल्याच सेटिंगमधून सिद्ध होत नाही.

आमच्या स्वतःच्या केंद्रांची रेंज आठवड्यातून दोनदा तरी जाते, मग अडकलेली रीडिंग उशिरा एकदम येतात. त्यासाठीच आम्ही वॉटरमार्क, म्हणजे उशिरा येणाऱ्या रीडिंगसाठी थांबायची सीमा, वीस मिनिटं मागे ठेवलाय. या १२ केंद्रांतून महिनाभर एकही मेसेज उशिरा आला नव्हता, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटत होतं. मागचा डेटा मागितला तर ‘तो वेगळा पॅकेज आहे’. केंद्रं कुठे आहेत विचारलं तर ‘चोरी होते, जागा सांगत नाही’. तिथेच थांबायला हवं होतं.

आता आम्ही आधी केंद्रावर जातो, तेही न कळवता. पानाच्या सेन्सरवर बाटलीतलं पाणी शिंपडायचं आणि दुसऱ्याने ऑफिसात टॉपिक उघडून बसायचं. ओलाव्याचा आकडा चढला, तरच पुढचं बोलणं. निदान दोन-तीन केंद्रांवर हे करा, एकट्या डेमोच्या केंद्रावर नको.

पुरवठादाराचे फोन बंद आहेत. पक्कं बिल त्यांनी कधी दिलंच नाही, प्रोफॉर्मावर (कच्च्या बिलावर) वेळ मारून नेली. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, सोबत ३० दिवसांचा कच्चा डेटा जोडला आहे. तो होता, कारण आम्ही टॉपिकमध्ये मेसेज ठेवायची मुदत वाढवून ठेवली होती. काफ्काची मूळ मुदत सातच दिवसांची. तुमच्याकडे असं विकतचं फीड असेल तर आजच ती वाढवा, नाहीतर १४ दिवसांनी तेच आकडे परत येतील तेव्हा ताडून बघायला आधीचे शिल्लकच नसतील.