विगनची हातमागावरची चादर : दीड वर्षाच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जानेवारीत फिलिपिन्समधल्या विगन या गावातून मी 'आबेल' कापडाची एक डबल चादर ११०० पेसोंना, म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने साधारण साडेसोळाशे रुपयांना घेतली आणि तेव्हापासून ती परळच्या आमच्या खोलीत सतत वापरात आहे. माझी भाची मनिलाला नोकरीला असते. "आत्या, तुला कापडातलं कळतं, तू मनिलाच्या मॉलमध्ये दिवस घालवू नकोस, विगनला जा," असे तिनेच सुचवले होते. तिचा सल्ला योग्य होता, हे मी आधीच सांगून टाकते.

विगन हे इलोकोस सूर प्रांताचे मुख्य ठिकाण. मनिलापासून उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटरवर आणि बसने आठ-नऊ तासांच्या अंतरावर असलेल्या या गावाची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार जेमतेम ५४ हजार आहे, म्हणजे आमच्या परळ-शिवडीच्या वॉर्डापुढे ते अगदीच लहान. आब्रा नदी समुद्राला मिळते तेथल्या गाळाच्या जमिनीवर ते वसले आहे आणि नदीकाठी वाढणाऱ्या 'बिगाआ' या अळूच्या कुळातल्या मोठ्या पानांच्या झाडावरून त्याला नाव मिळाले, असे मानतात. १५७२ मध्ये हुआन दे साल्सेदो हा स्पॅनिश सरदार येथे आला तेव्हाही चिनी व्यापाऱ्यांची येथे ये-जा होती. डोंगरातले सोने आणि मेण नदीमार्गे खाली येई आणि किनाऱ्यावर त्याचा सौदा होई. पुढे या चिनी व्यापाऱ्यांच्या मिश्र वंशातल्या कुटुंबांनी जी घरे बांधली त्यांचा खालचा मजला विटांचा व मालाच्या कोठारासाठी आणि वरचा मजला लाकडी, काचेऐवजी कापिझ शिंपल्याचे पातळ तुकडे बसवलेल्या सरकत्या खिडक्यांचा असे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना हाच शिंपला असतो. दुसऱ्या महायुद्धात मनिलाचा जुना तटबंदीतला भाग जमीनदोस्त झाला, विगन मात्र वाचले. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले ते याच घरांमुळे.

मला मात्र घरांपेक्षा मागांची ओढ होती. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते आणि १९८२च्या संपानंतर त्यांचा साचा कायमचा थांबला, त्यामुळे कोठे धोट्याचा आवाज ऐकू आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. विगनमध्ये तो आवाज गावाच्या कडेच्या कामांगान या वस्तीत ऐकू येतो. पत्र्याच्या छपराखाली ओळीने लाकडी माग मांडलेले, बहुतेक मागांवर बायका बसलेल्या. इलोकानो भाषेत 'आबेल' म्हणजे विणणे आणि 'इनाबेल' म्हणजे विणलेले. एका बाईंनी सुताच्या लडीवर हात ठेवून "कापास" असे म्हटले तेव्हा मी क्षणभर थबकले. संस्कृतातला 'कर्पास' मलय भाषेच्या वाटेने तेथवर पोहोचला आहे आणि आपल्याकडे त्याचाच कापूस झाला आहे. मी कोठून आले हे कळल्यावर त्या "बुम्बाय!" म्हणून हसल्या. फिलिपिन्समध्ये कुठल्याही भारतीयाला हेच नाव आहे. मी खरोखरच मुंबईची आहे, हे त्यांना पटवून द्यायला भाचीला मध्ये पडावे लागले.

मी घेतलेल्या चादरीवर 'बिनाकोल' नक्षी आहे. निळे आणि पांढरे चौकोन कडेकडून मध्याकडे आकार बदलत जातात आणि सपाट कापडावर फुगीर गोल उमटल्याचा भास होतो. ही वावटळीची नक्षी समजतात आणि तिच्याकडे पाहून दुष्ट शक्तींना भोवळ येते, असा जुना समज आहे. चादर उलटी केली की निळ्याच्या जागी पांढरा व पांढऱ्याच्या जागी निळा येतो, त्यामुळे तिला उलट-सुलट बाजू अशी नाहीच. माग अरुंद असल्याने दोन पट्टे विणून मधोमध शिवण घालून ते जोडतात. माझ्या चादरीत त्या शिवणीवर दोन्हीकडचे अर्धगोल जवळजवळ बरोबर जुळतात, फक्त पायाकडच्या शेवटच्या गोलात दोन-तीन धाग्यांचा फरक राहिला आहे.

घरी आल्यावर अण्णांनी चष्मा न लावता काठावरून बोट फिरवले. "बाणा काठाशी वळून परत आत गेलाय, कापलेला नाही. आणि ठोक सगळीकडे सारखा नाही, म्हणजे हातमागच आहे," असे ते म्हणाले. बाणा म्हणजे आडवा धागा आणि ठोक म्हणजे तो घट्ट बसवणारा फणीचा मार. नंतर त्यांनी दुसरी चादर हातात घेतली आणि काहीच बोलले नाहीत. ती मी काल्ये क्रिसोलोगो या प्रसिद्ध दगडी रस्त्यावरच्या एका दुकानातून, निघण्याच्या घाईत ६०० पेसोंना घेतली होती. तिच्या काठाला प्रत्येक बाणा कापलेला होता. हातमागाची म्हणून विकलेली ती चादर यंत्रमागाची निघाली. तीन महिन्यांत तिच्यावर गोळे आले. घोडागाड्यांच्या त्या रस्त्यावर अवश्य फिरावे, पण चादर घेताना काठ उलगडून पाहावा किंवा सरळ कामांगानला जावे.

आता वापराविषयी. सोलापुरी चादरीपेक्षा ही वजनाला हलकी आहे, पण विण घट्ट असल्यामुळे पंख्याखाली पांघरायला पुरते. जुलैत आमच्या गॅलरीतल्या दोरीवर सोलापुरी चादरीला दोन दिवस लागतात, ही दुसऱ्या सकाळी कोरडी मिळते. पहिल्या दोन धुण्यांत निळा रंग सुटला आणि पांढऱ्यावर किंचित झाक आली, त्यामुळे सुरुवातीला ती वेगळी आणि थंड पाण्यात धुवावी. लांबीत चार बोटे आटली. आमच्या साडेसहा फुटी पलंगावर ती आता पायाकडे अपुरी पडते आणि ही तक्रार मी गंभीरपणे करते, कारण विकताना आटण्याचा अंदाज कोणी दिला नाही.

किमतीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मनिला आणि मेक्सिकोतले अकापुल्को यांच्यामध्ये १८१५ पर्यंत चालणाऱ्या गॅलियन जहाजांच्या शिडांना इलोकोसचे कापड लागत असे, इतके ते टिकाऊ होते. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश गिरण्यांचा स्वस्त माल तेथल्या बाजारात उतरला आणि मागांचे दिवस फिरले. आज प्रांताचा मोठा आधार व्हर्जिनिया तंबाखूचा आहे. विगनमध्ये त्याच्या जोडीला पर्यटन, लसूण घातलेले लोंगानिसा सॉसेज आणि मातीचे 'बुर्नाय' रांजण आहेत. सूतही आता बहुतेक बाहेरून विकत येते. अशा गावात एक बाई दिवसभर मागावर बसून जे विणते त्याचे ११०० पेसो मला जास्त वाटले नाहीत. अण्णांना ते कमीच वाटले.

पुढच्या महिन्यात भाची गणपतीला येते आहे. तिला मी त्याच कामांगानच्या मागावरून आणखी दोन चादरी आणायला सांगितल्या आहेत, लांबीला वीतभर जास्त आणि या वेळी पांढरी विटकरीवर.