‘मॉर्स रनर’ वर्षभर वापरल्यानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात ज्या गावातून मी हौशी रेडिओ चालवतो, तिथे मॉर्स (टिंब-रेषांची संकेतलिपी) ऐकून समजणारा दुसरा माणूस नाही. शहरातल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींना शेजारी बसून ‘थांब, आधी त्याला घे’ असे सांगणारा कुणी अनुभवी सोबती मिळू शकतो. मला तो मिळाला नाही. त्याची उणीव ‘मॉर्स रनर’ या मोफत संगणक-प्रणालीने किती भरून काढली, हे वर्षभराच्या वापरानंतर आणि एका पूर्ण स्पर्धेच्या कसोटीनंतर सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझ्यासारखे एकटे पडलेले मॉर्सप्रेमी इतर गावांतही असतील.

२०२३ च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा, जगभरच्या केंद्रांशी जास्तीत जास्त संपर्क साधण्याच्या ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’च्या मॉर्स स्पर्धेत उतरलो. मिनिटाला २० शब्दांच्या गतीने निवांत गप्पा मारण्याइतके मॉर्स मला येत होते आणि तेवढे पुरेल असे मी धरून चाललो होतो. शनिवारी सकाळी १० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात ‘सीक्यू’ (कुणीही उत्तर द्या अशी हाक) दिला आणि दोन मिनिटांत जपानमधून इतक्या जणांनी एकदम उत्तर दिले की मला एकाचेही कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव) पूर्ण लिहिता आले नाही. मी प्रश्नचिन्ह पाठवले, त्यावर सगळे पुन्हा एकदम बोलले. शेवटी आवाज कमी करून मी दहा मिनिटे नुसता बसून राहिलो, आणि उरलेली स्पर्धा दुसऱ्यांना हाका मारण्यातच घालवली.

या स्पर्धेबाहेरच्या वाचकांना प्रश्न पडेल की एका खेड्यातल्या, कडुनिंबाला तार बांधून चालणाऱ्या केंद्रासाठी एवढी गर्दी का व्हावी. त्याचे उत्तर गुणांच्या पद्धतीत आहे. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा मॉर्ससाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते, म्हणजे सलग ४८ तास. प्रत्येक संपर्कात ‘५९९’ हा स्वराच्या दर्जाचा अहवाल आणि आपला विभाग-क्रमांक एवढेच द्यायचे असते. जगाचे ४० विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक पट्ट्यावर मिळालेला प्रत्येक नवा विभाग व प्रत्येक नवा देश यांच्या बेरजेने एकूण गुणांना गुणले जाते. भारत विभाग २२ मध्ये येतो. त्यात आपल्यासोबत श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव असे मोजकेच देश आहेत आणि त्यांतून मॉर्सवर हजर असणारी केंद्रे त्याहून मोजकी. त्यामुळे ‘व्हीयू’ने सुरू होणारे कॉलसाइन ऐकले की युरोपातल्या किंवा जपानमधल्या स्पर्धकाला एका संपर्कात देश आणि विभाग अशी दुहेरी भर पडण्याची शक्यता दिसते. आपली शक्ती कमी असो वा तार साधी असो, तो आपल्याला शोधत येतोच. म्हणून भारतातल्या लहान केंद्राला खरी गरज असते ती आलेली गर्दी सांभाळण्याच्या सवयीची, आणि ही सवय नुसती मॉर्सची मुळाक्षरे घोटून लागत नाही.

‘मॉर्स रनर’ नेमकी तीच सवय लावते. कॅनडातील ॲलेक्स शोव्हकोप्ल्यास (कॉलसाइन व्हीई३एनईए) यांनी ही विंडोजवर चालणारी लहानशी प्रणाली लिहिली. ती मोफत आहे आणि तिची मूळ संहिता खुली आहे. माझ्याकडच्या जुन्या लॅपटॉपवर ती विनातक्रार चालते आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट आमच्या गावात फार महत्त्वाची आहे. एफ१ दाबले की आपला ‘सीक्यू’ जातो आणि काल्पनिक केंद्रे उत्तर देऊ लागतात. त्यांची कॉलसाइन खऱ्या स्पर्धकांच्या यादीतून घेतलेली असतात. ऐकलेले कॉलसाइन टंकून एंटर दाबले की आपला अहवाल जातो, समोरच्याचा क्रमांक लिहून पुन्हा एंटर दाबले की ‘टीयू’ (धन्यवाद) जाऊन नोंद होते. बोटांना लागणारे हे वळण स्पर्धेत उपयोगी पडते, कारण मी वापरतो त्या ‘एन१एमएम लॉगर प्लस’ या संपर्क-नोंदीच्या प्रणालीतही पहिल्या काही कळांची कामे तीच आहेत.

तथापि तिचे खरे मोल त्या काल्पनिक केंद्रांच्या वागण्यात आहे. सगळ्यांचा स्वर थोडा थोडा वेगळा असतो, कुणी जलद पाठवतो, कुणी रेंगाळतो, कुणी आपण अर्धवट कॉलसाइन पाठवले की ते दुरुस्त करून देतो, तर कुणी अधीर होऊन निघून जातो. आपण चुकीचे कॉलसाइन नोंदवले तर प्रणाली ते यादीत लगेच दाखवते आणि ‘कच्चे’ व ‘तपासलेले’ असे दोन गुण शेजारी शेजारी मांडते. प्रत्यक्ष स्पर्धेत आपला लॉग (संपर्कांची नोंद) समोरच्याच्या लॉगशी ताडून पाहिला जातो, चुकीचा संपर्क बाद होतो आणि वर दंडही बसतो, पण हे आपल्याला कळायला कित्येक महिने लागतात. इथे ते तत्क्षणी कळते. माझ्या पहिल्या पंधरवड्यातल्या दोन गुणांमधली तफावत पाहिल्यावर मला समजले की २०२३ च्या माझ्या लॉगमधल्याही बऱ्याच नोंदी मी ऐकण्याऐवजी अंदाजाने लिहिल्या असाव्यात.

माझा सराव रात्री जेवणानंतर वीस मिनिटांचा असे. सुरुवातीला ‘सिंगल कॉल्स’ हा प्रकार घेतला, ज्यात एका वेळी एकच केंद्र उत्तर देते, आणि गती २२ ठेवली. दोन महिन्यांनी ‘पाइलअप’वर आलो, म्हणजे अनेकांनी एकदम हाक मारण्याच्या प्रकारावर, आणि तिथे पुन्हा २०२३ चीच अवस्था झाली. इथून पुढे जे शिकलो ते मी कुठेही वाचून शिकलो नसतो. सगळी गर्दी एकदम ऐकण्याचा प्रयत्न सोडून द्यायचा, एकाच स्वराला कान लावायचे, त्याची दोन अक्षरे जरी हाती लागली तरी तेवढीच पाठवायची आणि मग त्या दोन अक्षरांच्या मालकाखेरीज इतर कुणालाही उत्तर द्यायचे नाही, मग तो कितीही जोरात वाजत असो. शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे, कारण मोठ्या आवाजाच्या मागे कान आपोआप जातात. एकदा मी स्पीकरवर सराव करत असताना शेजारच्या शेतातले काकाजी येऊन बसले आणि थोडा वेळ ऐकून म्हणाले, “हे त पंगतीवाणी हाय, समदेच एकदम वरण मांगून राह्यले. तुम्ही एका टोकापासून वाढत चाला ना.” पाइलअपबद्दल याहून नेमका सल्ला मला कुणी दिलेला नाही.

ग्रहणपट्टीची, म्हणजे एका वेळी जेवढ्या वारंवारता ऐकू येतात त्या पट्टीची, रुंदी ठरवण्याची सोय या प्रणालीत आहे आणि तिच्याशी खेळून पाहावेच. मी आधी ती अगदी अरुंद ठेवत असे, कारण तेवढी गर्दी कमी ऐकू येते. पुढे लक्षात आले की अरुंद पट्टीत सगळे स्वर सारखेच होतात आणि कानाला त्यांना वेगळे काढण्यासाठी काही आधारच उरत नाही. आता मी ती ४०० ते ५०० हर्ट्झ ठेवतो, आणि खऱ्या रेडिओवरही तेच करतो. ‘फ्लटर’ (थरथर) नावाचा पर्यायही बहुतेकजण वापरून पाहत नसावेत, पण आपल्याकडच्या माणसाने तो अवश्य वापरावा. विदर्भातून उत्तर अमेरिकेकडे जाणारा जवळचा मार्ग ध्रुवाजवळून जातो आणि तिकडून येणारे स्वर थरथरत, फाटल्यासारखे येतात. त्या थरथरीत टिंबे मोजणे हे वेगळे कसब आहे, आणि प्रणालीतली थरथर खरीच्या बऱ्यापैकी जवळ जाते. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या जलद मॉर्सच्या जागतिक स्पर्धांमध्येही पाइलअपच्या परीक्षेसाठी हीच प्रणाली वापरतात, यावरून तिच्या दर्जाची कल्पना यावी.

कसोटीचा दिवस २३ नोव्हेंबर २०२४ हा होता. त्याच दिवशी विधानसभेची मतमोजणी असल्यामुळे सारे गाव टीव्हीपुढे होते आणि दुपारनंतर फटाक्यांचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू येत होता. माझे केंद्र साधेच आहे: ४० मीटरसाठी सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल (तारेचा साधा अँटेना), जो १५ मीटरवरही चालतो, १० मीटरसाठी सुमारे पाच मीटरचा वेगळा डायपोल, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सुमारे ४० वॅट. सूर्यडागांचे चक्र ऐन भरात असल्याने १० मीटरचा पट्टा सकाळपासूनच उघडा होता. सात वाजता मी ‘सीक्यू’ दिला आणि गेल्या वर्षीची तीच गर्दी पुन्हा आली. या वेळी मी दोन अक्षरे उचलली, तीच पाठवली, आणि त्या क्षणी बाकीचे सारे शांत झाले. जपानी स्पर्धकांची ही शिस्त मी कधी विसरणार नाही. प्रणालीतली गर्दी यापेक्षा कितीतरी हट्टी असल्यामुळे प्रत्यक्षातली मला चक्क सोपी वाटली. पहिल्या तासात मी ६० च्या वर संपर्क केले. आदल्या वर्षी दिवसभरात तेवढे झाले नव्हते.

दुपारी युरोप उघडल्यावर शिस्तीचा अनुभव निराळा आला, पण तिथे वर्षभराची तालीम अधिकच उपयोगी पडली. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी ‘मॉर्स रनर’ शिकवत नाही. जपानशी झालेला संपर्क आपल्याच खंडातला असल्याने त्याचा एकच गुण मिळतो, युरोपच्या संपर्काचे तीन मिळतात. सकाळच्या ओघात मी इतका रमलो की अमेरिकेकडचा पहाटेनंतरचा थोडासा अवधी हातून गेला, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. कोणत्या वेळी कोणता पट्टा घ्यावा, गर्दी असताना ती सोडून केव्हा दुसरीकडे जावे, हा निम्मा खेळ आहे, आणि प्रणालीत आपण कायम एकाच जागी बसून हाका घेत असतो. पट्ट्यावरून फिरत दुसऱ्यांना हाक मारण्याचा सराव तिच्यात होत नाही. मूळ आवृत्तीत विभाग-क्रमांकाऐवजी चढता अनुक्रमांक घ्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. पुढे इतरांनी वाढवलेल्या सामूहिक आवृत्तीत ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’सह अनेक स्पर्धांचे नियम घातलेले आहेत, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच घ्यावी असे माझे मत आहे. कॉलसाइनच्या यादीत अमेरिकन आणि युरोपीय भरणा जास्त असल्याने जपानी कॉलसाइनचा वेग कानात बसायला मात्र प्रत्यक्ष रेडिओच ऐकावा लागला.

रविवारी पहाटे जी अडचण आली तिची तयारी जगातल्या कोणत्याच प्रणालीने करून घेतली नसती. आमच्याकडे रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेताच्या कुंपणाला झटका मशीन लावतात. ते साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडते. दव पडून गवत तारेला टेकले की तिथे ठिणगी उडते आणि रेडिओत तेवढ्याच अंतराने ‘टक्’ असा आवाज येत राहतो. मिनिटाला ३० शब्दांच्या गतीत मॉर्सचे एक टिंब ४० सहस्रांश सेकंदाचे असते. हा ठोका अक्षराच्या कडेला चिकटला की तीन टिंबांच्या ‘एस’चा चार टिंबांचा ‘एच’ होतो आणि ‘एच’चा आकडा पाच होतो. हरभऱ्यात डुकरे शिरू नयेत म्हणून लावलेले यंत्र बंद करा असे मी शेजाऱ्याला सांगणार नव्हतो. सूर्य वर येऊन दव सुकेपर्यंत मी गती २४ वर आणली आणि ज्या कॉलसाइनमध्ये ‘एस’, ‘एच’ किंवा पाच आहे ती प्रत्येक वेळी पुन्हा विचारून घेतली. प्रणालीतला वातावरणीय खरखरीचा पर्याय अनियमित कडकडाट निर्माण करतो. या ठोक्याची अडचण त्याच्या नियमितपणात आहे, कारण कान त्यालाच मॉर्सचा भाग समजू लागतो.

स्पर्धेनंतर मी आमच्या पुतण्याला घेऊन पहाटे बांधावर गेलो आणि रेडिओतला तो ठोका त्याच्या मोबाइलवर अर्धा तास ध्वनिमुद्रित केला. आता सराव करताना लॅपटॉपशेजारी मोबाइल ठेवून ते मुद्रण सुरू ठेवतो. पहिल्या रात्री माझे तपासलेले गुण नेहमीच्या निम्म्यावर आले होते. काल रात्री ते नेहमीच्या तीन चतुर्थांशापर्यंत पोहोचले, आणि ‘एस’ व ‘एच’मधल्या चुका दोनच निघाल्या.