झॅबिक्सचे अलर्ट: केळीच्या कोल्ड स्टोरेजवर एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

सावदा-रावेर पट्ट्यातलं एक केळीचं कोल्ड स्टोरेज आणि जळगावातल्या एका पतपेढीच्या शाखांचं नेटवर्क माझ्याकडे आहे. दोन्हीकडे मशीन, नेटवर्क आणि सेन्सरवर नजर ठेवणारं झॅबिक्स ७.० हे सॉफ्टवेअर लावलंय, हिवाळ्यात सुरू केलं होतं ते आता मे महिना पार पडून पाऊस लागलाय, म्हणजे बऱ्यापैकी तावून सुलाखून झालंय, म्हणून लिहितोय. ग्राफ आणि डॅशबोर्डवर लिहिलेलं भरपूर सापडतं, मला फक्त ॲक्शन आणि अलर्ट मेसेजवर बोलायचंय कारण रात्री दोन वाजता सावद्यात डॅशबोर्ड कोण बघत बसलंय? त्या वेळी मोबाईलवर काय येतं आणि कोणाच्या मोबाईलवर येतं यावर सगळा माल अवलंबून असतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. झॅबिक्स हे लॅटव्हियात सुरू झालेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे, ७.० ही २०२४ ची एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारी) आवृत्ती, आणि मशीन कितीही जोडा लायसनचा पैसा नाही. आयटम म्हणजे मोजायची गोष्ट, ट्रिगर म्हणजे कधी प्रॉब्लेम म्हणायचा ती अट, आणि ॲक्शन म्हणजे ट्रिगर पेटला की पुढं काय करायचं. ६.४ पासून हे सगळं मेनूत 'अलर्ट्स' खाली एकत्र आलंय, ॲक्शन तिथंच, मीडिया टाईप (मेसेज कुठल्या मार्गानं जायचा ते) तिथंच, स्क्रिप्ट पण तिथंच. इन्स्टॉल केल्यावर एक तयार ॲक्शन मिळते, ॲडमिन लोकांना कळवणारी, पण ती बंद असते, ती आपणच चालू करायची.

आता केळीकडे येतो. साठवणीच्या रूममधे तापमान १३-१४ डिग्रीच्या आसपास ठेवतात, १३ च्या खाली जास्त वेळ राहिलं की केळीला थंडी लागते, साल मळकट करडी पडते आणि नंतर ती नीट पिकत पण नाही. रायपनिंग चेंबरमधे, म्हणजे पिकवायच्या खोलीत, १६ ते १८, आणि तिथं इथिलीन (फळ पिकवणारा वायू) दिल्यावर फळ स्वतःच गरमी सोडायला लागतं, त्यामुळे वरच्या बाजूनं पण लक्ष ठेवावं लागतं. बाहेर ४५ डिग्री असताना दार उघडं राहिलं तर काय होतं ते भुसावळ-जळगावच्या माणसाला सांगायला नको. रूमच्या कंट्रोलरमधून तापमान मॉडबसवर (अशा यंत्रांशी बोलायची पद्धत) मिळतं आणि झॅबिक्सचा 'एजंट २' हा छोटा प्रोग्राम ते थेट वाचतो, वेगळं काही घ्यावं लागलं नाही.

पण गाडी भरताना दार उघडणारच, तापमान वर जाणारच. ट्रिगर नुसता 'शेवटचं रीडिंग १८ च्या वर' असा लावला की दर लोडिंगला मेसेज, आणि चार दिवसांत सगळे लोक ग्रुप म्यूट करून टाकतात, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. त्यामुळे १५ मिनिटांतलं कमीत कमी रीडिंग १८ च्या वर असेल तरच पेटायचं, म्हणजे पूर्ण पंधरा मिनिटं सलग वरच असलं पाहिजे. आणि प्रॉब्लेम सुटला कधी म्हणायचं त्याची अट वेगळी देता येते, रिकव्हरी एक्स्प्रेशन. साठवणीच्या रूमला १३ खाली गेलं की प्रॉब्लेम, पण १३.५ वर आल्याशिवाय सुटला असं म्हणायचं नाही. ही एवढी एक सेटिंग नसेल तर १२.९, १३.१, १२.९ असं रात्रभर झुलत राहतं आणि तेवढ्याच वेळा मोबाईल वाजतो. झॅबिक्समधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती विचाराल तर हीच.

मेसेजच्या मजकुराबद्दल मात्र कळकळीनं सांगायचंय. डिफॉल्ट मजकूर इंग्रजीत येतो, प्रॉब्लेम कधी सुरू झाला, होस्ट (म्हणजे मशीन) कोणता, सिव्हिअरिटी (किती गंभीर) काय, आणि खाली एक आयडी. आयटीवाल्याला पुरे आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला नाही. त्यानं एकदा फोन केला, "भाऊ, मोबाईल तर वाजला, पन आता करायचं काय?" प्रश्न एकदम बरोबर होता. तेव्हापासून प्रत्येक ट्रिगरच्या डिस्क्रिप्शनमधे मी मराठीत काय करायचं ते लिहितो, इव्हेंट नेमच्या रकान्यात रूमचं ते लोक म्हणतात तेच नाव टाकतो, आणि मीडिया टाईपमधल्या मेसेज टेम्प्लेटमधे ट्रिगर डिस्क्रिप्शनचा मॅक्रो (त्या जागी तो मजकूर आपोआप भरणारा शब्द) घालून ठेवलाय. टेम्प्लेट एकच, पण मेसेज प्रत्येक ट्रिगरचा आपापला येतो. आता असं येतं: 'मागची रूम ३ जास्त गार होतेय. आत्ता १२.४. कंप्रेसर बंद कर, कंट्रोलरवरचा सेटपॉइंट बघ, दहा मिनिटांनी परत बघ.' टेलिग्रामवर मराठी एकदम स्वच्छ दिसतं.

टेलिग्राम जोडायला अवघड नाही, मीडिया टाईप तयार येतो, टेलिग्रामवरच्या बॉटफादरकडून बॉट (मेसेज पाठवणारं आपोआप चालणारं खातं) बनवून त्याचं टोकन टाकायचं. ग्रुपचा आयडी वजा चिन्हासकट टाकायचा हे लक्षात ठेवा, आणि एकेकट्या माणसाला पाठवायचं असेल तर त्यानं आधी बॉटला स्टार्ट केलेलं पाहिजे. ईमेल मी फक्त रेकॉर्डसाठी ठेवलाय. एसएमएस हवा असेल तर दोन रस्ते आहेत, एक म्हणजे गेटवे (नेटवरून एसएमएस पाठवणारी सेवा), पण आपल्याकडे डीएलटीवर (एसएमएस नोंदणीची व्यवस्था) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मेसेजचं टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि बदलणारा मजकूर त्यात बसवणं कटकटीचं, दुसरा रस्ता जीएसएम मोडेम, म्हणजे सिम कार्ड घालून थेट एसएमएस पाठवणारं यंत्र. मी मोडेम लावला. मराठीत पाठवलं की एका एसएमएसमधे ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०, म्हणून एसएमएसचं टेम्प्लेट वेगळं आणि आखूड ठेवा, रूम, आकडा, बास.

एस्कलेशन, म्हणजे प्रॉब्लेम टप्प्याटप्प्यानं वरच्या माणसाला कळवणं, नीट समजून घ्या, सगळी ताकद तिथं आहे. ॲक्शनमधे स्टेप असतात, डिफॉल्ट एका स्टेपला एक तास धरलेला असतो, केळीसाठी तो फारच जास्त आहे, मी ५ मिनिटं केला. पहिल्या स्टेपला ऑपरेटर, तिसऱ्याला मी, पाचव्याला मालक. आणि दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनवर 'इव्हेंट ॲक्नॉलेज झालेला नसेल तर' ही अट लावलीय. ऑपरेटरनं मोबाईलवर झॅबिक्स उघडून ॲक्नॉलेज ('बघितलं' अशी पोच) दाबलं की वरच्या माणसाची झोप मोडत नाही, नाही दाबलं तर मालकाला कळतं. यामुळे माणसं खरोखर उठून बघायला लागली. रिकव्हरीला 'नोटिफाय ऑल इन्व्हॉल्व्ड' ठेवा, ज्याला प्रॉब्लेमचा मेसेज गेला होता फक्त त्यालाच सुटल्याचा जातो.

एक जागा जिथं बरेच लोक अडकतात. ॲक्शनमधे युजर टाकला, मीडिया टाकला, टेस्ट बटणानं मेसेज गेला, पण खरा प्रॉब्लेम आला की काहीच येत नाही. त्या युजरला होस्ट ग्रुपवर निदान रीड परमिशन लागते, ती नसेल तर झॅबिक्स त्याला मेसेज पाठवतच नाही आणि ॲक्शन लॉगमधे पण त्याच्या नावाची ओळ दिसत नाही. मीडिया नसेल तर निदान लॉगमधे तसं लिहून येतं. म्हणून आधी परमिशन बघा, मग टेलिग्रामवर शंका घ्या.

पतपेढीकडे दुखणं वेगळं, तिथं लाईट जाते. शाखेची लाईट गेली, यूपीएस संपला की राउटर, स्विच, सर्व्हर, कॅमेऱ्याचा एनव्हीआर, प्रिंटर सगळे एकदम ओरडतात. यावर ट्रिगर डिपेन्डन्सी: सगळे ट्रिगर राउटरच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवले की शाखेमागे एकच मेसेज येतो. ठरवून केलेल्या कामाला मेंटेनन्स पिरियड लावा, ॲक्शनमधे त्या काळात ऑपरेशन थांबवायचा पर्याय असतो तो चालू आहे का बघून घ्या.

आपोआप कमांड चालवायची सोय चांगली आहे पण जपून. यूपीएसची बॅटरी एसएनएमपीवर (नेटवर्कवरून उपकरणाची माहिती वाचायची पद्धत) वाचतो, ठरलेल्या टक्क्याखाली गेली की सर्व्हर व्यवस्थित शटडाऊन करणारी स्क्रिप्ट चालते, डेटाबेस मधेच लटकत नाही. एजंट बाहेरून आलेली कमांड मुळात चालवत नाही, कॉन्फिग फाईलमधे अलाऊ-की लिहून परवानगी द्यावी लागते, तिथं सगळ्याच कमांडना मोकळीक देणारं स्टार न टाकता नेमकी ती एकच कमांड लिहा, सुडो (लिनक्समधली ॲडमिन हक्क देणारी सोय) मधे पण तेवढीच. बंद पडलेल्या सर्व्हिसला पहिल्या स्टेपला रीस्टार्ट आणि दोन स्टेपनंतरही प्रॉब्लेम असेल तरच माणसाला मेसेज, हे छान चालतं. पण कोल्ड स्टोरेजच्या कंप्रेसरला मी कुठलीही आपोआप कमांड दिलेली नाही आणि देणार पण नाही, तिथं माणसानंच जाऊन हात लावायचा, आत कोणी काम करत असू शकतं.

सावद्याला झॅबिक्सचा प्रॉक्सी, म्हणजे तिथला डेटा गोळा करून सर्व्हरला पाठवणारा प्रोग्राम, एका छोट्या पीसीवर आहे, नेट गेलं तर तो डेटा साठवून ठेवतो आणि आल्यावर पाठवतो. पण त्या वेळात अलर्ट निघत नाही, कारण ट्रिगर सर्व्हरवर तपासला जातो. म्हणून 'डेटाच येत नाही' असा नोडेटा ट्रिगर वेगळा लावला, त्याचा मेसेज थेट ऑपरेटरला: 'नेट गेलंय, थर्मामीटर हातानं बघ.' जळगावचा झॅबिक्स सर्व्हरच बंद पडला तर ते सांगायला दुसरीकडे एक छोटं मशीन त्याला सतत तपासत असतं, हे प्रत्येकानं करा.

कमी काय वाटतं? आठवड्याची पाळी लावायची सोय आत नाही. कोण कधी ड्युटीवर, हे प्रत्येक युजरच्या मीडियात वार आणि वेळ भरून सांभाळावं लागतं, सुट्टी बदलली की परत हातानं बदल. कोल्ड स्टोरेजवर दोनच ऑपरेटर आहेत म्हणून जमतं, दहा-बारा माणसं फिरत्या पाळीत असतील तर त्यासाठी वेगळं काहीतरी जोडायची तयारी ठेवा.