अपाला, घोषा, लोपामुद्रा की विश्ववारा?

भाची झाली. बारशाला नाव आत्यानेच कानात सांगायचं, म्हणून नाव शोधायचं कामही माझ्याकडे आलं. वहिनीची अट एकच होती: नाव जुनं असावं, पण वर्गात त्याच नावाच्या आणखी दोघी नसाव्यात. गार्गी आणि मैत्रेयी तिथेच बाद झाल्या. नावं सुंदरच आहेत, पण आता घरोघरी ऐकू येतात. शिवाय ‘गार्गी’ म्हणजे गर्ग कुळातली. उपनिषदात तिला वाचक्नवी, म्हणजे वचक्नूची मुलगी, असंही म्हटलंय. ही दोन्ही नावं तिला कुळाकडून आणि वडिलांकडून मिळालेली. तिचं स्वतःचं नाव काय, ते उपनिषद सांगत नाही. मला हे लागलं, आणि मी आणखी मागे, ऋग्वेदात, शोधायला गेले. तिथे ज्यांच्या नावावर सूक्तं आहेत अशा ऋषिका सापडतात. त्यातल्या चौघी आमच्या यादीत उरल्या. कोणी अशाच शोधात असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी अपाला, कारण माझा जीव तिच्यात सगळ्यात जास्त अडकलाय आणि अडचणही तिच्याच नावाची सगळ्यात मोठी आहे. शब्दकोशात पाहिलं तर पाल म्हणजे राखणारा, आणि अपाला म्हणजे जिला राखणारा कोणी नाही ती. बारशाला आलेल्या कोणी अर्थ विचारला तर हे सांगायचं कसं? पण ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातलं, म्हणजे आठव्या भागातलं, ९१वं सूक्त तिचं आहे, ते वाचा, सातच ऋचा आहेत. पाण्याकडे निघालेल्या मुलीला वाटेत सोम, म्हणजे जिचा रस देवांना अर्पण करत ती वनस्पती, सापडतो, ती तो घरी आणते आणि इंद्राला देते. परंपरेतली कथा सांगते की तिला त्वचेचा रोग होता आणि नवऱ्याने तिला टाकलं होतं. सोम कुटायला दगड नव्हते, म्हणून तिने तो दातांनी चावून रस काढला. मग इंद्राकडे ती तीन गोष्टी मागते, आणि तिन्ही उगवण्याच्या आहेत: वडिलांच्या टकलावर केस, त्यांच्या शेतात पीक, आणि स्वतःच्या अंगावर लव. आधी वडिलांचं डोकं, मग शेत, आणि आपण शेवटी! शेवटच्या ऋचेत इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जूच्या भोकातून असं तीनदा शुद्ध करतो आणि ती ‘सूर्यत्वच’ होते, सूर्यासारख्या कांतीची. राखणारा नसलेल्या मुलीने आपलं मागणं आपणच मागितलं, त्याची ही गोष्ट आहे.

गोष्ट इतकी चांगली असूनही मराठी घरात हे नाव अडखळतं. इंग्रजी अक्षरांत ‘अपाला’ आणि ‘आपला’ एकसारखेच दिसतात, त्यामुळे शाळेच्या हजेरीत, बँकेत, विमानतळावर ती ‘आपला’ होणार. कांतीची गोष्टही जरा विचारात घ्या. मुलगी मोठी होऊन गोष्ट वाचेल तेव्हा ‘उजळली म्हणून चांगली झाली’ एवढंच तिच्या हाती लागू नये. सूक्तात मुख्य आहे ते मागणं. ते तिला नीट सांगायची तयारी असेल तरच हे नाव ठेवा.

घोषाचा अर्थ सरळ आहे: घोष म्हणजे मोठा आवाज, जयघोषातला घोष. ती कक्षीवान ऋषींची मुलगी. दहाव्या मंडलातली ३९ आणि ४० ही दोन सूक्तं तिची, दोन्हींत चौदा-चौदा ऋचा. म्हणजे या चौघींत सगळ्यात जास्त शब्द हिचेच. ती वडिलांच्या घरीच वय वाढेपर्यंत राहिली आणि अश्विनीकुमारांच्या कृपेने तिला नवरा मिळाला, असं पहिल्या मंडलात म्हटलंय. एवढ्यावर थांबलं तर हीही एक लग्न रखडलेल्या मुलीची गोष्ट वाटेल. पण तिची स्वतःची सूक्तं वाचताना मी थक्क झाले. ती अश्विनांना म्हणते, आईबाप मुलाला देतात तसं मला द्या. स्वतःचं नाव घेऊन सांगते, मी घोषा, तुम्हाला विचारते आहे. आणि पहिल्या सूक्ताच्या शेवटी म्हणते की भृगू कुळातले लोक जसा रथ घडवतात तसं हे स्तोत्र आम्ही तुमच्यासाठी घडवलंय. केलेल्या कामाचा एवढा स्वच्छ अभिमान!

उच्चाराला दोनच अक्षरं, लाडाचं वेगळं नाव लागत नाही. दोष दोन आहेत. एक म्हणजे जुन्या मराठीत पडद्याला ‘गोषा’ म्हणत, आणि घरातल्या आजीच्या कानाला हे दोन शब्द फार जवळचे लागतात. अर्थ मात्र अगदी उलटा, एक झाकणारा आणि एक गर्जणारा. दुसरं, महाराष्ट्राबाहेर बंगाली आडनाव घोष आठवून लोक ‘हे नाव की आडनाव?’ असं विचारतील. नावाचं अक्षर पाहणाऱ्यांना मात्र हे नाव सोन्यासारखं आहे. आर्द्रा नक्षत्राची अक्षरं कु, घ, ङ, छ. दुसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलीसाठी ‘घ’वरून नाव शोधून पाहा, किती हाती लागतात!

लोपामुद्रा त्यामानाने ओळखीची. बंगालमध्ये गायिका लोपामुद्रा मित्र आहेत, आपल्याकडे नागपूरची मॉडेल लोपामुद्रा राऊत. म्हणजे नाव दुर्मीळ आहे, पण ऐकणारा गोंधळून जात नाही. महाभारतात अगस्त्य ऋषी निरनिराळ्या प्राण्यांच्या उत्तमोत्तम अवयवांसारखे अवयव घेऊन तिला घडवतात ती विदर्भाच्या राजाच्या घरी वाढते आणि पुढे अगस्त्यांचीच पत्नी होते. इतरांच्या सौंदर्याच्या खुणा जिच्यापुढे लोपल्या ती लोपामुद्रा, अशी नावाची फोड सांगतात. पहिल्या मंडलातलं १७९वं सूक्त हा तिचा आणि अगस्त्यांचा संवाद. ती त्यांना तोंडावर सांगते की कित्येक शरद मी रात्रंदिवस कष्ट केले, वय देहाची शोभा नेतं, आता तरी जवळ या. तपस्वी नवऱ्याला संसाराची आठवण करून देणारी बाई आहे ही. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, त्यामुळे ज्या घरात तो पाठ होतो तिथे हे नाव लगेच पसंत पडेल.

अडचण आहे ती लांबीची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. लोपामुद्रा आणि तिच्यामागे आणखी तीन शब्द एका ओळीत लिहून पाहा. घरात लोपा होणार हेही नक्की, आणि ‘लोप पावणे’ आपल्या कानात इतकं मुरलंय की ते मला खटकतं. ‘मुद्रा’ अशी हाक मारायची ठरवली तर मात्र माझी काही तक्रार नाही.

विश्ववाराबद्दल थोडक्यात. अत्रींच्या कुळातली, पाचव्या मंडलातलं २८वं सूक्त तिचं, सहा ऋचांचं, अग्नीला उद्देशून. नावाचा अर्थ चौघींत सगळ्यात उजळ: सगळ्यांनी ज्याची निवड करावी असं, सगळं वरणीय जिच्यापाशी आहे ती. उषेलाही ऋग्वेदात ‘विश्ववारे’ अशी हाक आहे, आणि यजुर्वेदातलं ‘सा प्रथमा संस्कृतिर्विश्ववारा’ हे वचन अनेकांनी ऐकलेलं असेल. पण बोलताना त्यातला एक ‘व’ गळतो आणि विश्वारा होतं. आम्ही घरात चार जणांकडून म्हणून घेतलं, तिघांनी विश्वारा म्हटलं. अर्थासाठी नाव ठेवणाऱ्यांनी हिचा विचार जरूर करावा, पण आयुष्यभर दुरुस्ती करत बसायची तयारी हवी.

या सगळ्या घाईत एक दिलासा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी नाव त्यात नंतर भरता येतं, आणि १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क लागत नाही. स्पेलिंग मात्र पहिल्याच वेळी नीट लिहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे, आणि तिथली चूक पुढे सगळीकडे जाते.

भाऊ लोपामुद्राच्या बाजूने आहे, वहिनी अजून विश्ववाराकडे झुकते. मी घोषा सुचवलंय. काल संध्याकाळी पाळण्याशी एकटीच होते तेव्हा हळूच तशी हाक मारून पाहिली, ‘घोषा, ए घोषा’. जीभ कुठे अडली नाही.